मी प्रोफेशनल झालो

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ते बदाम मी टाकत नव्हतो. ते आपोआप पडायचे.

आमच्या वजनमाप खात्यात कोणी निवृत्त झालं की त्याच्या फोटोंचा व्हिडिओ करायचं काम गेली सात वर्षं माझ्याकडे आहे. लॅपटॉपबरोबर एक साधं सॉफ्टवेअर फुकट आलं होतं. त्यात फोटो टाकायचे, एखादी धून लावायची आणि बटण दाबायचं. पुढचं ते स्वतःच्या मनाने करायचं. फोटो वहीच्या पानासारखे उलटायचे, गरगर फिरायचे, आणि दर तिसऱ्या फोटोनंतर वरून पत्त्यांतल्यासारखे लाल बदाम गळायचे. आमचे मोठे साहेब जप्त केलेल्या खोट्या वजनांच्या ढिगाऱ्यासमोर गंभीर चेहऱ्याने उभे आहेत आणि वरून बदाम गळतायत, हे दृश्य अख्ख्या खात्याने पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या बायकोने तर डोळे पुसले. सात वर्षांत एकाही माणसाने तक्रार केली नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

तक्रार केली ती माझ्या मेहुण्याने. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो लिफ्टच्या कंपनीत आहे. समोरचा माणूस जिथे आहे तिथे ठीक आहे, हे त्याला पटतच नाही. दिसला माणूस की त्याला वर पाठवायचं. एका रविवारी तो आमच्या कोचावर पाय पसरून माझा व्हिडिओ बघत होता. बदाम गळायला लागले तसा तो हसला. मोठ्याने हसला असता तर मी समजून घेतलं असतं. तो नाकातून हसला.

"भावजी, तुम्ही अजून बिगिनरच वापरता?"

"म्हणजे?"

"कोपऱ्यात बघा की. लिहिलंय तसं."

खरंच लिहिलेलं होतं. उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, 'बिगिनर'. सात वर्षं माझ्या प्रत्येक व्हिडिओवर हा शिक्का होता आणि मला वाटायचं ते कंपनीचं नाव आहे. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला गुंजभर मेणाचा गोळा शोधून काढणारा मी माणूस. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"शिकणाऱ्यांचं असतं ते," मेहुणा म्हणाला. "बाबांच्या दुकानाचा करताय ना? निदान तो तरी प्रोफेशनलवर करा."

हे मात्र वर्मी लागलं, कारण बाबांच्या दुकानाची गोष्ट साधी नव्हती.

माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. चौकातल्या इमारतीच्या जिन्याखाली, एक माणूस बसेल आणि दुसरा वाकून उभा राहील एवढंच दुकान. बावन्न वर्षं ते तिथे डोळ्याला भिंग लावून बसले. यंदा त्यांचा हात थरथरायला लागला. एक दिवस बाईमाणसाच्या घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग त्यांच्या चिमट्यातून उडाली आणि सापडलीच नाही. संध्याकाळी घरी येऊन ते म्हणाले, "बास." दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाने घ्यायचं ठरवलं. मी आठ दिवसांची रजा काढली आणि दुकानाचे शेवटचे आठ दिवस फोनवर शूट केले. बाबांचे हात, भिंग, भिंतीवरची एकमेकांशी न जुळणारी घड्याळं, जुनी गिऱ्हाइकं आणि अगदी शेवटी शटर, सगळं घेतलं. एकूण एक्केचाळीस क्लिप झाल्या. फोन समोर आला की बाबांचा चेहरा ओळखपत्रावरच्या फोटोसारखा व्हायचा, पण त्याला माझा इलाज नव्हता.

नव्या मालकाने किल्ली घेतली आणि दोन दिवसांत आतलं लाकूडकाम उखडून टाकलं. म्हणजे बाबांचं दुकान आता फक्त माझ्याकडे उरलं होतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना बोलवायचं आणि तो व्हिडिओ दाखवायचा, असं ठरलं. बाबा मला एका शब्दाने काही विचारत नव्हते. पण रोज सकाळी ते माझ्या बायकोला विचारायचे, "झालं का गं त्याचं?" आणि मग खिडकीशी जाऊन बसायचे. दुकान गेल्यापासून त्यांना दुसरं काही उरलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाला ते दिवसातून दोनदा चावी द्यायचे, ते बिचारं एकदा दिली तरी आठवडाभर चालत होतं.

अशा व्हिडिओत बदाम गळणं बरं नव्हे, हे मलाही पटत होतं. म्हणून मी प्रोफेशनल व्हायचं ठरवलं.

प्रोफेशनल व्हायला लायकी लागते असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. त्याला मूळ मालकाची संमती लागते. लॅपटॉप बायकोच्या नावावर होता, त्यामुळे बिगिनरचं खातंही तिच्याच नावावर. बढती हवी तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, असं पडद्यावर आलं. प्रश्न असा होता: तुमची सर्वांत आवडती व्यक्ती कोण?

मी मिशीतल्या मिशीत हसलो आणि स्वतःचं नाव लिहिलं. चूक. शुद्धलेखनाचा घोटाळा असेल म्हणून आडनावासकट लिहिलं. चूक. मग मनाचा मोठेपणा करून मुलीचं नाव लिहिलं. तेही चूक, आणि खातं दोन दिवसांसाठी बंद. दोन दिवसांनी बायको शांतपणे आली, एक शब्द लिहिला आणि खातं उघडलं. तो शब्द तिच्या भावाचं लाडाचं नाव होतं.

"अगं, लॅपटॉप त्यानेच तर लावून दिला होता. त्यानेच लिहिलं असेल," ती म्हणाली.

"आणि सात वर्षं तू ते लक्षात ठेवलंस?"

"उत्तर सोपं होतं ना."

यावर मी काय बोललो ते इथे सांगत नाही. दोन दिवस आमच्याकडे फक्त कामापुरतं बोलणं चाललं होतं.

इतक्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त ऑडिटर खाली आले. हे गृहस्थ कोणाकडे काही नवीन येतंय याचा वास लागला की जिन्यावरून उतरतात. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासले, आणि आता कागद उरले नाहीत म्हणून शेजारी तपासतात. खुर्चीत बसून त्यांनी माझ्या पडद्याकडे असं पाहिलं की मीच उठून उभा राहिलो.

"जुनं आहे का अजून यात?"

"आहे ना. असू दे म्हटलं."

"अजिबात नाही! एका जागेवर दोन अधिकारी ठेवले की कामाचा बट्ट्याबोळ. आधी जुन्याला मोकळं करा."

मी बिगिनरला मोकळं केलं. सात वर्षांची सेवा, एकही तक्रार नाही, आणि निरोपाला साधा एक बदामही नाही.

प्रोफेशनल उघडलं मात्र, मला घाम फुटला. आमच्या खात्यात जेवढे अर्जांचे नमुने नाहीत तेवढी बटणं एका पडद्यावर. एक दृश्य जाऊन हळूच दुसरं यावं, एवढीच माझी इच्छा. ती व्यक्त करायला मला चार खिडक्या उघडाव्या लागल्या, आणि पाचवीने विचारलं की हळूच म्हणजे नेमकं किती. बाबांचा चेहरा थोडा उजळ करायला गेलो तर बाबा हिरवे झाले. परत आणायला गेलो तर जांभळे झाले. शिकवणारे व्हिडिओ पाहिले, त्यातला प्रत्येक जण सुरुवातीलाच म्हणायचा, "हे अगदी सोपं आहे," आणि त्यानंतर त्याचा बाण पडद्यावर असा पळायचा की माझी मानच अवघडली. तीन आठवडे रोज ऑफिसातून आल्यावर मी दात-ओठ खात बसलो. मुलगी खोलीत यायची बंद झाली. बायको चहाचा कप दारातच ठेवून जायची.

पण जमलं. खोटं कशाला बोलू? गुरुवारी संध्याकाळी बारा मिनिटांचा व्हिडिओ तयार झाला, एकही बदाम नसलेला. बाबांचे हात मोठे होत होत पडदाभर यायचे, मग एकेक घड्याळ, आणि शेवटी शटर चार वेगवेगळ्या कोनांतून खाली येत बंद व्हायचं. मी तो तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा मेहुण्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. फक्त शेवटचं बटण दाबून त्याची पक्की फाइल काढायची बाकी होती. ते दाबलं तर सॉफ्टवेअर म्हणालं, जागा नाही.

आणि ऑडिटर जिन्यावरून खाली आले.

त्यांनी चष्मा वर केला, लॅपटॉपमधलं एकेक फोल्डर उघडून पाहिलं, आणि गुन्हेगार सापडल्यासारखे थांबले. "या एक्केचाळीस क्लिप इथेही आहेत आणि त्या सॉफ्टवेअरमध्येही आहेत?"

"हो. आत घेतल्यात ना मी त्या."

"मग इथे कशाला? एका वस्तूच्या दोन नोंदी! घोटाळ्याची सुरुवात इथेच होते, समजलं? पस्तीस वर्षं मी याच एका गोष्टीवर माणसं पकडली."

मी वजनमापवाला. दोन नोंदींचा धाक माझ्याही हाडात मुरलेला. शिवाय बिगिनरमध्ये एकदा क्लिप टाकली की ती त्याच्या पोटात जायची. बाहेरची ठेवली काय, काढली काय, त्याला फरक पडत नसे. बिगिनरला जे जमतं ते प्रोफेशनलला जमणार नाही, अशी शंका कोणत्या शहाण्या माणसाला येईल? मी एक्केचाळीस क्लिप पुसल्या. ऑडिटरांच्या देखरेखीखाली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. फोनवरच्या तर, फोन भरला म्हणून, आधीच उचलून इकडे आणल्या होत्या. भरपूर जागा झाली. ती होताच सॉफ्टवेअरने न विचारता कसलंसं भलं मोठं अपडेट उतरवून घेतलं आणि सगळी जागा परत भरून टाकली.

शुक्रवारी सकाळी व्हिडिओ उघडला. बारा मिनिटं लाल पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरात: क्लिप सापडत नाही. बाबांच्या हातांच्या जागी क्लिप सापडत नाही. घड्याळांच्या जागी क्लिप सापडत नाही. मागे संथ बासरी तेवढी वाजत होती.

मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. नऊ वेळा एक दाबा, दोन दाबा झाल्यावर एक बाई आल्या. त्यांचा आवाज इतका गोड होता की मला पुढचं संकट तिथेच कळायला हवं होतं.

"सर, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

"भावना राहू द्या हो, क्लिप कुठे आहेत ते सांगा!"

"सर, आपलं सॉफ्टवेअर क्लिप स्वतःकडे ठेवत नाही. त्या कुठे ठेवल्यात आणि कुठून कुठपर्यंत कापायच्यात, याची फक्त यादी ठेवतं."

"यादी?"

"हो सर. प्रोफेशनल लोकांना तसंच सोयीचं पडतं."

"मग तीन आठवडे मी काय कापत होतो?"

"यादी, सर. पण यादी अगदी सुरक्षित आहे."

म्हणजे दुकानात माल नाही, गोदामात माल नाही, आणि मालाची यादी मात्र टापटीप. असला दुकानदार मला ड्युटीवर भेटला असता तर मी त्याच्या दुकानाला सील ठोकलं असतं. पुसलेल्या फाइली परत आणून देणाऱ्या एका माणसाकडे लॅपटॉप घेऊन धावलो. त्याने दुपारपर्यंत ठेवून घेतला आणि सांगितलं की नुसत्या पुसल्या असत्या तर मिळाल्या असत्या. तुम्ही वर नवीन माल रचलात, आता खाली काही नाही. बिगिनर गेलं, प्रोफेशनल हाताशी असून उपयोग नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

घरी येताना मी भयंकर चिडलो होतो. मेहुण्यावर, ऑडिटरांवर, त्या गोड बाईंवर, प्रोफेशनल या शब्दावर. जिन्यात ऑडिटर दिसले. "काय, झालं का मोकळं?" असं त्यांनी हसून विचारलं. "अगदी मोकळं झालं!" असं मी ओरडलो, तर ते समाधानाने मान डोलावत वर गेले.

बाबा खिडकीशी बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. यादीचंही सांगितलं.

"सगळं गेलं?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

"शटर?"

"तेही."

त्यांनी खिडकीकडे मान वळवली. मग म्हणाले, "चार वेळा बंद केलं मी ते. पहिल्यांदा खाली ओढलं तेव्हा मला रडू फुटत होतं. तू म्हणालास, बाबा, उजेड मागून येतोय, परत उघडा. दुसऱ्यांदा एक सायकलवाला मध्ये आला. तिसऱ्यांदा तू म्हणालास, जरा सावकाश. चौथ्यांदा मला वाटलं, कधी एकदा हे बंद होतंय."

मी लॅपटॉप खाली ठेवला.

"बावन्न वर्षांचं दुकान, आणि शेवटी मनात काय आलं? सुटलो एकदाचा."

त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. लहानपणी एक घड्याळ उघडलं म्हणून त्यांनी मला चौकात कान धरून उभं केलं होतं. ते बरं होतं. आता ते नुसते उठले, भिंतीवरच्या घड्याळाला चावी दिली आणि आत गेले. आणि इतका वेळ वाटेत भेटेल त्याच्यावर निघणारा माझा राग तिथेच माझ्याकडे वळला. आठ दिवस मी त्या माणसाच्या समोर बसलो होतो आणि आठ दिवस मी फोनकडे बघत होतो. आणि मग तीन आठवडे पडद्याकडे, तेही कोणासाठी? तर नाकातून हसणाऱ्या मेहुण्यासाठी. मला स्वतःचीच चीड आली, आणि ती कोणावर काढायची ते कळेना.

रविवारी हॉल भरला. चाळीसेक माणसं आली होती. दवाखान्यातले डॉक्टर, शाळेची घंटा वाजवणाऱ्या बाई, पोस्टातले दोघं, एक आजोबा तर बाबांनी सात वेळा दुरुस्त केलेलं घड्याळ हातात घालून. कार्यक्रम रद्द करा, असं मी बाबांना म्हटलं होतं. ते म्हणाले, "माणसांना बोलावलंय. येऊ देत." मेहुण्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. त्याने कुठूनसा पडदा आणि प्रोजेक्टर आणला होता, आणि मी तोंड उघडायच्या आत पुढे जाऊन जाहीर केलं, "मंडळी, आता आमच्या भावजींनी केलेली प्रोफेशनल फिल्म!"

टाळ्या झाल्या. मी उठलो. पांढऱ्या पडद्यासमोर उभा राहिलो. बाबा पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते.

"फिल्म नाही," मी म्हणालो. "फिल्म मी पुसून टाकली."

प्रोजेक्टरपाशी मेहुणा पुटपुटला, "म्हणजे? बॅकअप नाही घेतला?" आणि माझा बांध फुटला. मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. कोचावरचे पाय सांगितले, नाकातलं हसू सांगितलं. सर्वांत आवडती व्यक्ती कोण हेही चाळीस माणसांसमोर सांगितलं, तेव्हा बायकोने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. हिरवे बाबा, जांभळे बाबा सांगितले. ऑडिटर मागच्या रांगेतून उठून "माझा सल्ला तत्त्वतः बरोबरच होता" म्हणाले आणि शाळेच्या बाई खुर्चीवरून पडता पडता वाचल्या. हसायला काय झालं होतं? मी कोणाला हसवायला उभा नव्हतो. माझा आवाज चढला होता, आणि मी जितका चिडत होतो तितका हॉल लोळत होता. मला त्या सगळ्यांचा मनापासून राग आला.

मग शटरचं सांगायची वेळ आली. तिथे माझा आवाज खाली आला. एका म्हाताऱ्या माणसाला मी त्याचं दुकान चार वेळा बंद करायला लावलं, असं मी म्हणालो, आणि बाबांकडे बघायची माझी हिंमत होईना.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "सायकलवाल्याचं सांग की!"

मी पाहिलं. बाबा हसत होते. तोंड उघडून, मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईतो. महिनाभरात या माणसाच्या तोंडावरची रेघ हलली नव्हती. शेजारच्या आजोबांच्या गुडघ्यावर थाप मारून ते म्हणाले, "अहो, शटर खाली येतंय, माझे डोळे भरलेत, आणि तो सायकलवाला थांबून विचारतो, पट्टा बदलून मिळेल का! मी म्हटलं थांब, आणि दिला बदलून. सगळ्यात शेवटचं गिऱ्हाईक माझं, आणि हा तिकडून ओरडतोय, बाबा, फ्रेममधून बाहेर व्हायला सांगा त्याला!"

अख्खा हॉल हसला. असलं हसू मी आठ दिवसांच्या एक्केचाळीस क्लिपांत एकदाही पकडलं नव्हतं. माझा हात आपसूक खिशात गेला आणि फोन निम्मा बाहेर आला. बाबांनी ते पाहिलं. त्यांचं हसू थांबलं, मान ताठ झाली, हात गुडघ्यांवर गेले.

मी फोन परत आत सरकवला आणि मोकळा हात वर करून त्यांना दाखवला.

बाबा पुन्हा मागे टेकून बसले. "हं, मग?" ते म्हणाले. "त्या फोनवाल्या बाईंनी पुढे काय सांगितलं?"

मी गुश्शातच होतो. पण त्यांनी विचारलं होतं, म्हणून पुढचं सांगायला लागलो.